पिलं उडेपर्यंत

लक्षद्वीपातलं एक बेट, नाव नाही
१२ फेब्रुवारी १९७७

तीर्थस्वरूप अत्तींना सुंदरेचा शरणु शरणार्थी.

मी पोचले. तुम्ही विचारणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून आपणहून सांगते.

तुम्ही स्टेशनवर आला नाहीत. मी वाट पाहिली नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? होटगी मागे पडेपर्यंत गाडीच्या दारात उभी होते. जसं काही तुम्ही होटगीला येऊन उभ्या राहणार होतात.

हुबळीवरून एसटीनं मंगळूर, तिथून शिडाच्या बोटीनं माणसांच्या वस्तीचं बेट, आणि तिथून लहान होडीनं इथे. हे बेट म्हणजे नुसती वाळू. झाड नाही, विहीर नाही, घर नाही. आपलं सोलापूरचं होम मैदान असतं ना, तेवढंच. आणि गड्ड्याच्या जत्रेला तिथे जेवढी माणसं जमतात, तेवढी इथे पाखरं. पाठ काळी, पोट पांढरं, शेपूट मधे दुभंगलेलं. सुरय म्हणतात त्यांना. हे मला सायकलवर डबलसीट हिप्परग्याच्या तलावावर न्यायचे तेव्हा तिथली सुरय दाखवायचे, ती नदीची. ही तिची समुद्रावरची बहीण. वर्षभर समुद्रावर भटकते आणि अंडं घालायला तेवढी जमिनीवर येते. एकच अंडं, तेही उघड्या वाळूवर. नर-मादी पाळीपाळीनं त्याच्यावर बसून सावली धरतात. उठून गेली तर उन्हात अंडं जागच्या जागी शिजतं.

आमचं काम म्हणजे दोऱ्या ताणून वाळूचे चौकोन पाडायचे आणि चौकोनातली अंडी मोजायची. ऊन चढायच्या आत आटपावं लागतं. आम्ही चौघं आहोत. मुंबईचे डॉक्टरसाहेब प्रमुख, दोघे त्यांचे विद्यार्थी आणि मी. शिवाय होडीवाला आणि त्याची बायको. ती दोघं वस्तीच्या बेटावरची, मासेमारीला दर साली इथे येऊन राहतात. मला सगळे मानानं वागवतात. पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठते, स्टोव्ह पेटवते, चहा ठेवते, आणि त्यानंतर जी शांतता मिळते तिच्यात समुद्र पाहते.

निघताना मी केलेल्या कडक भाकरी चार दिवसांत चामड्यासारख्या झाल्या. इथली हवा ओली. तुम्ही बाजूला उभ्या राहून बघत होतात, एका शब्दानं बोलला नाहीत. असो.

हे गेले त्याला श्रावणात तीन वर्षं होतील. काविळीनं अंथरुणात असताना त्यांनी माझ्याकडून एम.एस्सी.चा फॉर्म भरून घेतला होता. मी इथे हौस म्हणून आलेले नाही. पिलं उडून जाईपर्यंत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, मी राहणार. पावसाळ्याआधी शेवटची बोट निघते तिनं येईन.

पत्र मंगळूर बंदरावर आमच्या बोटीच्या तांडेलाकडे पाठवा. पाठवायचं असलं तर.

तुमची सून
सुंदरा

*

सोलापूर
२७ फेब्रुवारी १९७७

चि. सुंदरेस ईरम्माचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी चौथी शिकलेली हाय, लिहायला येतं मला, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेत न्हाय. म्हणून जे लिहीन ते माझं समज.

स्टेशनवर आले न्हाय, कारण मला रडायचं नव्हतं चारचौघांत. तुला वाटतंय मला राग हाय. व्हय, हाय. लई हाय. विधवा सून चार बाप्यांसंगं समुद्रात गेली म्हणून गल्लीतल्या बायका मला नळावर थांबवून विचारतात. मी सांगते, सरकारी कामाला गेलीया. त्या म्हणतात, कसलं काम? मी सांगते, पाखरं मोजायचं. मग त्या हसतात आणि मी घागर उचलून घरी येते.

आता एक विचारते. तुला मानानं वागवतात म्हणतीस. मग पहाटे उठून स्टोव्ह तूच का पेटवतीस? चहा तूच का ठेवतीस? तितं दोन तरणी पोरं हायत त्यांचे हात मोडलेत काय? मी या घरात तीस वर्षं सगळ्यांच्या आधी उठले, मला कोण शहाणपण शिकवतंय. आधी उठून चहा करणाऱ्या बाईला मान दिला म्हणत न्हाईत, राबवलं म्हणतात. खोटं लिहायचं असलं तर नीट लिहायचं होतंस.

भाकरीचं सांगते. तू भाजलीस, वाळवली न्हाईस. पातळ थापायची, मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं सगळं पाणी काढायचं, मग पत्र्यावर उन्हात ठेवायची. आपल्या सोलापुरात हवाच कोरडी, कशी बी केली तरी टिकती. म्हणून तुला वाटलं आपल्याला येतंय. मी बोलले न्हाय कारण मला वाटलं, भाकरी बिघडली की पोरगी परत यील. हे माझं चुकलंच म्हण हवं तर.

आता घरचं. मल्लप्पा भाऊजी परवा जेवताना म्हणाले, बसवजयंतीपर्यंत सून आली तर ठीक, न्हाई तर शिवपुत्राची खोली मोकळी करायची, तिची पेटी तिच्या माहेरी अक्कलकोटला पोचती करायची, आणि पुन्हा या उंबऱ्यात घ्यायचं न्हाय. तुझे सासरे गेल्यापासून दीर घरातला कर्ता. मी वाढत होते. ताटं उचलली. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

मी तुझ्या बाजूची हाय असं समजू नको. किल्ली माझ्या लेकाच्या खोलीची हाय म्हणून ठेवलीया. तू बसवजयंतीच्या आत ये.

ईरम्मा

*

बेटावरून
१५ मार्च १९७७

तीर्थस्वरूप अत्तींना शरणु.

स्टोव्हचं खरं आहे. मला राबवतच होते. तुमचं पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, दोऱ्या आणि खुंट्या घेतल्या आणि सरळ कामाला गेले. परत आले तर तिघं स्टोव्हभोवती बसलेले, पिन कुठे ठेवलीय ते शोधत. डॉक्टरसाहेब म्हणाले, सुंदराबाई, तुमची तब्येत बरी नाही का? म्हटलं, आजच बरी झाली.

पण भांडण त्यावरून झालं नाही. भांडण झालं अंड्यांवरून.

आमची शिधा घेऊन येणारी होडी दोनदा आलीच नाही. निवडणूक लागली ना, सगळ्या होड्या मतपेट्या आणि माणसं न्यायला गुंतल्या. तांदूळ उरला, पण डाळ संपली, बटाटे संपले. होडीवाला मासे देतो ते बाकीचे खातात. पुढे मासेही कंटाळवाणे झाले म्हणून डॉक्टरसाहेबांनी पाटी घेऊन अंडी गोळा करायला सुरुवात केली. तंबूजवळच्या चौकोनांतलीच. जी आम्ही आदल्या दिवशी मोजली होती तीच. मी म्हटलं, साहेब, ही तर आपल्या मोजणीतली. ते हसून म्हणाले, हजारोंनी आहेत, पाटीभरानं काय होतंय? म्हटलं, मग मोजायला तरी कशाला आलो?

त्या दिवसापासून रोजच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला. 'आम्ही खाल्लेली.' रोज लिहिते. साहेबांनी तो खोडायला सांगितला, मी खोडला नाही. त्यांनी स्वतः खोडला, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा आखला. आता ते माझ्याशी बोलत नाहीत.

अत्ती, मला काय खटकतंय ते तुम्हाला समजावून सांगते. साहेब म्हणतात, अंडी मोजून झाली, पाहणी झाली. इतकी हजार अंडी आहेत म्हणजे पाखरांचं बरं चाललंय, लोकांनी थोडी नेली तरी चालतील, असं ते लिहिणार आणि महिनाअखेर तंबू गुंडाळणार. पण अंडी घातली म्हणजे पाखरं झाली का? वाटेत खेकडे आहेत, ऊन आहे, आम्ही आहोत. किती पिलं पंख फुटून उडाली हे कुणी मोजलेलंच नाही. ते मोजायचं तर मेपर्यंत थांबलं पाहिजे. साहेब म्हणाले, थांबायचं तर तुमच्या जबाबदारीवर थांबा, शिधा मिळणार नाही. म्हटलं, थांबते. होडीवाला आणि त्याची बायको आहेतच. तिची माझी भाषा एक नाही, पण तिनं माझ्यासाठी तिच्या झावळ्यांच्या झापाशेजारी जागा झाडून ठेवली.

मासे आणि अंडी मी खाणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको. गळ्यात लिंग आहे. आणि अंड्यांचं म्हणाल तर, ज्यांना मी मोजते त्यांना खाऊ कशी?

म्हणून विचारते. तुमच्या हातच्या कडक भाकरी एक डबा भरून पाठवाल का? बसवजयंतीला मी येणार नाही. हे कळल्यावरही पाठवाल का, असं विचारते आहे. नाही पाठवलात तरी मी राहणारच.

सुंदरा

*

सोलापूर
३० मार्च १९७७

चि. सुंदरेस आशीर्वाद.

डबा पाठवलाय.

आनंदानं पाठवलाय असं समजू नको. माझी सून पाखराची अंडी खाऊन परत आली तर मला चालणार न्हाय, म्हणून पाठवलाय. शेजारच्या काशम्माला बोलावलं, दोघींनी मिळून थापल्या. तिनं विचारलं कुणासाठी, मी म्हटलं पाखरं मोजणारीसाठी. ती हसली न्हाय, तिनं अजून एक पायली पीठ मळलं. गच्चीवर पत्र्यावर वाळवल्या, तेलाच्या डब्यात रचल्या, मधे शेंगाच्या चटणीची पुडकी घातली, आणि पत्रेवाल्याकडून झाकण चहूबाजूंनी झाळून घेतलं. आता समुद्राची हवा आत शिरती का बघूच.

तुझं ते पिलांचं मी दोनदा वाचलं. मग अंगणात जाऊन बसले.

तुला ठाऊक न्हाय, या घरात कुणी बोलत न्हाय. माझी सहा बाळंतपणं झाली. एक मेलेलंच आलं. दोन देवीत गेली. एक मुलगी सव्वा वर्साची होऊन गेली, तिचं नाव बसम्मा ठेवलं होतं, माझ्या आईचं. एक बारशाच्या आधी. शिवपुत्र तेवढा मोठा झाला, आणि तोबी गेला. मला आजवर लोकांनी विचारलं ते एवढंच, अक्का, किती झाली? मी सांगायचे, सहा. बायका म्हणायच्या, बरं हाय की, घर भरलेलं. किती उरली हे एकीनंबी विचारलं न्हाय. तुझ्या त्या डॉक्टरनं असली मोजणी केली म्हणायचं. अंडी मोजायची आणि घरी जायचं. मोजायची तर नीट मोजू दे. उडालेली मोज. न उडालेली बी मोज.

भाऊजींचं मन फिरलंय असं वाटतंय. डबा बघून काय बोलले न्हाईत, उलट म्हणाले, वहिनी, तुमी कुटं पार्सलच्या रांगेत उभ्या राहता, मला होटगीला जायचंच हाय, मीच लावतो. मी त्यांच्या हातात दिला. माणूस वाईट न्हाय, ताठ हाय. बसवजयंतीचं मी बघते.

स्टोव्हला हात लावू नको.

ईरम्मा

*

बेटावरून
२० एप्रिल १९७७

अत्तींना शरणु.

तुमचं पत्र मिळालं. डबा मिळाला नाही. पत्र आणलं त्याच होडीतून होडीवाल्याचं सामान आलं, नारळाचा काथ्या आला, माझं काहीच आलं नाही. तांडेलाला पुन्हा विचारायला लावलं. मंगळूर बंदरावर माझ्या नावाचं पार्सल आलेलंच नाही.

मी विचार करकरून एकाच ठिकाणी येते. पाठवलाय असं लिहायचं आणि पाठवायचा नाही, म्हणजे मल्लप्पाकाकांचंही मन राखलं आणि माझंही. तुम्ही तीस वर्षं त्या घरात अशाच राहिलात, कुणाचंच मोडायचं नाही. पण मला सरळ नाही म्हटलं असतं तर मी इतकी वाट पाहिली नसती. तुमच्या त्या सहा बाळंतपणांचं वाचून मी रडले. आता वाटतं, ते तरी कशाला लिहिलंत?

साहेब आणि त्यांचे विद्यार्थी गेले. जाताना माझा तक्ता मागत होते, मी दिला नाही. तुमची मोजणी तुम्ही न्या, म्हटलं, माझी माझ्याजवळ राहील. मी पेज पिते. होडीवाल्याची बायको तिच्या घरून आणलेलं खोबरं माझ्यापुढे सरकवते, आणि मी खाल्लं की नाही ते पाहत बसते. काल उन्हात डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तिनं मला ओढत सावलीत नेलं आणि तिच्या भाषेत पुष्कळ शिव्या दिल्या. सूर ओळखीचा वाटला.

पण पिलं मोठी झालीत. अंगावर ठिपके आहेत, वाळूत बसली तर दिसत नाहीत. पाऊल जपून टाकावं लागतं. तंबूच्या बाजूला, जिथली अंडी उचलली, तिथे पिलं नाहीतच म्हटलं तरी चालेल. त्या जोड्या अजून रिकाम्या वाळूवर येऊन बसतात. दुसऱ्या बाजूला चौकोनाचौकोनातून पिलं पंख झाडताहेत. हे पाहायलाच मी राहिले होते, आणि उडेपर्यंत राहणार. पेजेवर राहीन, नुसत्या पाण्यावर राहीन.

उद्या बसवजयंती. मिरवणूक निघेल, काका पुढे असतील. खोली मोकळी करा. पेटी अक्कलकोटला पाठवा. किल्ली ज्याला द्यायची त्याला द्या. मला त्या घरातून काही नको.

सुंदरा

*

मंगळूर बंदर
७ मे १९७७

चि. सुंदरेस ईरम्माचा आशीर्वाद.

वरचं गावाचं नाव पुन्हा वाच. व्हय, मंगळूर. मी हितं हाय.

तुझं पत्र सोमवारी आलं. मी वाचलं, घडी घातली आणि देवळीत ठेवलं. आधी तुझा राग आला. ज्या बाईनं पाठीचा कणा मोडेस्तवर भाकरी थापल्या तिला तू खोटारडी ठरवलंस. मग वाटलं, तिला तरी काय ठाऊक? माझ्या भाकरी गेल्या कुटं, हे मलाबी ठाऊक न्हाय. मी चप्पल घातली आणि भुसार लायनीत भाऊजींच्या दुकानात गेले. लग्न होऊन आल्यापासून त्या दुकानाची पायरी मी चढलेली न्हाय. बायकांनी जायचं नसतं ना. गिऱ्हाईकं होती, दिवाणजी होता, भाऊजी गादीवर होते. मी कुणाशी न बोलता सरळ मागच्या वखारीत गेले. ज्वारीच्या पोत्यांमागं माझा डबा होता. झाकण झाळलेलं तसंच. वर ज्वारीची धूळ बसलेली.

मी तो ओढत पुढं आणला आणि गादीसमोर ठेवला. भाऊजी म्हणाले, वहिनी, तिच्या भल्यासाठीच केलं. उपाशी राहिली की आपसूक घरी आली असती, पेटी बाहेर काढायची वेळ आली नसती. ऐक बरं, वाईट माणूस असं बोलत न्हाय, भल्या माणसाचंच हे बोलणं. म्हणून तर मी इतकी वर्षं गप बसले. पण त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाईकांसमोर मी म्हटलं, "सून माझी हाय. तिला जेवू घालायचं का उपाशी ठेवायचं, हे मी ठरवणार. आणि घर तुमच्या एकट्याच्या बापाचं न्हाय, माझ्याबी नवऱ्याच्या बापाचं हाय."

दिवाणजीनं मान खाली घातली. मी डबा उचलला आणि पायरी उतरले.

बसवजयंतीचं राहिलंच सांगायचं. त्या दिवशी मिरवणुकीहून आल्यावर त्यांनी किल्ली मागितली होती. मी म्हटलं, आज बसवण्णांचा दिवस, आजच्या दिवशी बाईला घराबाहेर काढायचं हे त्यांच्या पालखीला खांदा देऊन आलेल्यानं बोलू नये. ते आत निघून गेले. तेव्हा मला वाटलं डबा तुला पोचलाय आणि आपण जिंकलो. कसलं काय.

आता हे पार्सल मी कुणाच्या हातात देणार नव्हते. खोलीला कुलूप, वर दुसरं कुलूप, दोन्ही किल्ल्या कमरेला. काशम्मा होटगीपर्यंत आली, डबा तिनं गाडीत चढवून दिला आणि म्हणाली, अक्का, जा. विजापूर, गदग, हुबळी. हुबळीला हमालानं डबा वजनदार म्हणून कुरकुर केली, तर मीच उचलला. मग एसटी. घाटात मला लई ओकाऱ्या झाल्या, पण डब्यावर पाय ठेवून बसले होते, तो हलला न्हाय. हितलं कानडी आपल्याहून निराळंच, पण भांडायला पुरतं.

समुद्र बघितला. एवढं पाणी आणि एक तांब्या प्यायला न्हाय. आपल्या नळाला दोन दिवसाआड येतं तेच बरं.

तांडेल भेटला. मी त्याला म्हटलं, मीबी येते. तो म्हणाला, अम्मा, परमिट लागतं, परमिटाशिवाय बेटावर न्हेत न्हाईत. मी लई भांडले. कचेरीतबी जाऊन भांडले. तितं काय चाललं न्हाय. म्हणून डबा माझ्या डोळ्यांदेखत बोटीत चढवला, तांडेलाला त्याच्या लेकरांची शपथ घातली, आणि हे पत्र डब्याला बांधून देतेय.

आता माझं नीट ऐक. डॉक्टर गेला म्हणून घाबरू नको, डबा उशिरा आला म्हणून घाई करू नको, लोक काय म्हणतील म्हणून तर अजिबात न्हाय. लोकांनी जे म्हणायचं ते म्हणून झालंय, आता माझ्याबद्दल म्हणतायत. मी हितं बंदराजवळच्या धर्मशाळेत राहतेय. धर्मशाळेचा माणूस रोज विचारतो, अम्मा, कधी जाणार? मी सांगते, पाखरं उडाल्यावर. त्याला वाटतंय माझं डोकं फिरलंय.

तू आलीस की आपण दोघी मिळून सोलापूरला जायचं, आणि दिवसाढवळ्या पुढच्या दारानं आत जायचं. पेटी कुटंबी जाणार न्हाय. पण ते नंतर. शेवटचं पिल्लू उडू दे, मग ये. न उडालेली मोजायची विसरू नको.

ईरम्मा

*

बेटावरून
१२ मे १९७७

अत्ती,

हे तांडेलाच्याच हाती देते आहे. तुमच्या शपथेपायी तो स्वतः होडीनं इथवर आलाय, ओहोटीच्या आत निघणार म्हणून वाळूवर बसून घाईत लिहिते.

डबा मिळाला. होडीवाल्यानं कोयत्यानं झाळण फोडली. मी तुमचं पत्र वाचत होते, मला पुढे वाचवेना, म्हणून आधी भाकरी काढली आणि मोडली. आवाज झाला. होडीवाल्याच्या बायकोनं तो ऐकला आणि हात पुढे केला. आम्ही दोघी चटणीला लावून खात बसलो. अत्ती, सोलापुरात असते तशीच कडक आहे.

मी जे लिहिलं ते वाईट लिहिलं. त्याबद्दल काय म्हणायचं ते धक्क्यावर तुमच्यासमोर म्हणेन, इथे नाही.

आमच्या तंबूच्या बाजूनं आजवर एकही पिल्लू उडालेलं नाही. दुसऱ्या बाजूनं रोज उडताहेत. पाहणीचा अहवाल मी माझ्या नावानं वेगळा पाठवणार आहे, दोन्ही बाजूंचा. शेवटच्या चौकोनात अजून पिलं बाकी आहेत, पळतात, पडतात, पुन्हा पंख झाडतात. पावसाआधीची शेवटची बोट आठवड्यानं येईल, तिनं येते.

आज पहाटे होडीवाल्यानं उठून चहा केला. त्याला मी काहीही सांगितलेलं नव्हतं. तिनं सांगितलं असणार.

तोवर थांबा.

सुंदरा